दोनशे चाळीस ॲप्रनांचा लॅपटॉप

संस्थेने प्रवेशाच्या दिवशी हातात ठेवलेल्या कागदावर सात ओळी होत्या. साहित्याची पदवी घेताना मी ओळींमधल्या मोकळ्या जागासुद्धा वाचायला शिकले होते. एखाद्या कवीने स्वल्पविराम का गाळला असावा यावर चार पाने सहज लिहीत होते. या सात ओळींपुढे मात्र मी अक्षरशत्रू ठरले. रॅम सोळा जीबी, त्याहून कमी नको. साठवण पाचशे बारा, आणि तीही फिरत्या चकतीची नव्हे. प्रोसेसर अमक्या पिढीच्या अलीकडचा. मग पडदा, कळफलक, बॅटरी. आणि सातवी ओळ, ठळक अक्षरांत: चाचणीसाठी विद्यार्थ्याने स्वतःचा संगणक आणावा, संस्थेचा मिळणार नाही.

चाचणी दहाव्या आठवड्यात होती. परीक्षकासमोर, एका तासात, स्वतः लिहिलेला प्रोग्राम स्वतःच्या संगणकावर पहिल्यापासून उभा करून चालवून दाखवायचा. जमले तर अभ्यासक्रमाची उरलेली निम्मी फी माफ. नाही जमले तर ती भरायची. आणि ती भरण्याची आमची ऐपत नव्हती, म्हणजे पुन्हा घरी बसायचे. पदवी घेऊन दोन वर्षे मी घरीच बसले होते. पदवीने मला नोकरी दिली नव्हती, वाट पाहण्याची एक देखणी रीत तेवढी दिली होती.

आमच्या घरात पैशाचे माप ॲप्रन हे आहे. आई दवाखान्यांसाठी पांढरे ॲप्रन शिवते, आणि कुठल्याही वस्तूची किंमत ती एका ॲप्रनच्या शिलाईने भागून सांगते. माझी चप्पल तीन ॲप्रन, विजेचे बिल अकरा. संगणकासाठी तिने पत्र्याच्या डब्यात बाजूला ठेवलेली रक्कम दोनशे चाळीस ॲप्रनांची होती. तिच्यामागे किती दुपारी वाकून गेल्या असतील, याचा विचार मी शक्यतो टाळत असे.

कागद पाहायला मामा आला. मामाचे झेरॉक्सचे दुकान आहे आणि यंत्रात अडकलेला कागद तो स्वतः ओढून काढतो. एवढ्या पुराव्यावर तो आमच्या घराण्यात संगणकाचा जाणकार ठरला आहे.

"सोळा? सोळा कशाला हवेत?" कागद हातभर लांब धरून तो म्हणाला. "माझा दुकानातला दोनवर चालतो. अकरा वर्षं झाली."

"मामा, तू त्यावर भाडेकरार टाइप करतोस."

"मग? भाडेकरार काय हलका असतो? चाळीस-चाळीस पानं असतात एकेक."

"अरे, ती सोळा म्हणतेय तर सोळा बघू या," आई कापडावर खडूची रेघ ओढत म्हणाली. "माप कमी धरून कपडा शिवशील, तर घालणार कोण?"

मला वाटले, चला, निदान एक माणूस माझ्या बाजूने आहे. ते वाटणे आठवडाभर टिकले.

मोठ्या दुकानात कडाक्याची थंडी होती आणि चाळीस पडद्यांवर एकच मासा एकाच वेळी वळत होता. निळा टाय लावलेला विक्रेता आमच्यासमोर येऊन उभा राहिला.

"वापर कशासाठी, मॅडम?"

"सॉफ्टवेअर शिकतेय. लॅपटॉपच्या आत एक खोटा फोन उघडून त्यावर प्रोग्राम चालवून बघावा लागतो. त्याला मेमरी फार लागते."

"मग हा बघा. रंग बघा याचे."

"यात रॅम किती आहे?"

"उचलून तर बघा. एक किलोसुद्धा नाही."

"रॅम किती?"

"आठ. पण याची आठ म्हणजे दुसऱ्याची सोळा समजा."

"का समजू?"

तो क्षणभर माशाकडे पाहत राहिला. माशाने त्याला मदत केली नाही.

"पुढे वाढवता येईल का?" मी विचारले.

"गरजच नाही पडणार."

"पडली तर?"

"तोवर नवीन मॉडेल आलेलं असेल ना, मॅडम."

आईने तो लॅपटॉप हातात घेतला. कापड दुकानात ती जसे ठाण उलटे करून मागची बाजू पाहते, तसा तिने तो पालथा केला आणि कडेकडेने अंगठा फिरवला. "हे उघडतं कुठून, दादा?"

"काकू, हे उघडायचं नसतं."

"मग आतून साफ कसं करायचं?"

"आतून कशाला? बाहेरून पुसायचं, मऊ फडक्याने."

आईने तो जागेवर ठेवला. किंमत विचारली, मनात भागाकार केला आणि माझ्या कानाशी म्हणाली, "पाचशे वीस."

तिकडे मामाला एक दणकट काळा लॅपटॉप सापडला होता. "इकडे ये, पंडितीणबाई! कळांखाली लाल दिवे लागतात याच्या. अंधारात टाइप करता येतं."

"मी अंधारात का टाइप करू, मामा?"

"वीज गेली तर?"

त्या काळ्या लॅपटॉपचे सहाशे दहा ॲप्रन झाले.

त्या आठवड्यात आम्ही पाच दुकाने पालथी घातली. एकाने मेमरीबद्दल विचारताच पाठीवरची पिशवी फुकट देऊ केली. दुसऱ्याने पिशवीसोबत माऊस. तिसरा म्हणाला, मुलींना हलका बरा पडतो. आणि हे तो मामाला उद्देशून म्हणाला, जणू मी ओझे होते आणि मामा हमाल. इंटरनेटवर वाचावे तर एकाच लॅपटॉपखाली एक जण लिहीत होता, डोळे मिटून घ्या. आणि त्याच्याच खाली दुसरा, घेऊन पस्तावलो. शब्दांवर विसंबून जगायचे ठरवलेल्या माणसाला याहून वाईट शिक्षा सुचवता येणार नाही. प्रत्येक दुकानातून मी बाहेर पडत होते ती एका प्रश्नाचे उत्तर न मिळता, आणि तो प्रश्न एका आकड्याचा होता.

शेवटी संस्थेतल्या सरांनी वाट दाखवली. "कंपन्या तीन-चार वर्षं वापरून लॅपटॉप परत करतात," ते म्हणाले. "ते नीट करून विकणारे आहेत. दिसायला बोजड, पण आतून भक्कम. तुमच्या पैशात सोळा जीबी मिळेल तर तिथेच."

मी हर्षाने घरी येऊन हे सांगितले आणि आईची कात्री मध्येच थांबली.

"वापरलेलं?"

"तपासून देतात, आई."

"मी रोज आल्टरचे कपडे बघते. उसवून परत शिवलं तरी सुईची जुनी भोकं राहतात कापडाला. कितीही इस्त्री फिरव." ती माझ्याकडे न पाहता बोलत होती. "दोनशे चाळीस ॲप्रन घालून दुसऱ्याचं उसवलेलं घ्यायचं?"

"मग काय नव्यासाठी अजून तीनशे शिवशील?"

"शिवीन."

"आणि माझी चाचणी तोवर थांबेल?"

"वहिनीची लेक बोलते बरोबर, पण ताईचं म्हणणंही—" असे काहीतरी दोन्ही दगडांवर पाय ठेवून मामा पुटपुटला. वहिनीची लेक कोण हे त्यालाही ठाऊक नसावे. गडबडला की तो नाती चुकवतो.

माझा संयम तिथे सुटला. "तुझं ओव्हरलॉक कुठून आलंय मग?" मी खोलीच्या कोपऱ्याकडे बोट केले. "ते काय कोरं आणलं होतंस?"

कापडाच्या कडा कातरत, त्याच वेळी त्या शिवून टाकणारे ते यंत्र आईने बंद पडलेल्या एका कारखान्यातून आणले होते. त्याच्या अंगावर अजून पांढऱ्या रंगात सतरा हा आकडा आहे. कारखान्यात त्या ओळीत बसलेल्या सतराव्या बाईचा तो क्रमांक. आई त्या बाईला कधी भेटली नाही, पण यंत्र अडले की 'सतरा, काय झालं गं?' असे म्हणते. माझे वय आणि आईच्या संसाराचा खर्च, दोन्ही सतराने ओढले आहेत.

आईने कात्री पुन्हा चालवायला घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी पत्र्याचा डबा माझ्या उशाशी होता.

वापरलेले लॅपटॉप विकणाऱ्याची खोली एका छापखान्याच्या वर होती. खालच्या यंत्रांच्या ठेक्यावर तिची फरशी बारीक थरथरत असे. कपाळावर भिंग बांधलेला एक मध्यमवयीन गृहस्थ तिथे बसला होता. मी मनातल्या मनात त्यांचे नाव भिंगवाले ठेवले. आमच्या वाट्याला आलेल्या सर्व विक्रेत्यांत हा पहिला माणूस, ज्याने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर दिले.

"सोळा हवी? यात आठ आहे. थांबा." त्यांनी लॅपटॉप पालथा करून आठ स्क्रू काढले, झाकण उचलले. "ही एक पट्टी. ही शेजारची खाच रिकामी. इथे अजून आठची बसवली, की झाले सोळा." आई नकळत पुढे वाकली. कुणीतरी अखेर मागची बाजू उलटून दाखवली होती.

सरांनी सांगितलेली यादी मी एकेक करून तपासली. प्रत्येक कळ दाबली. पांढरा पडदा लावून त्यावर डाग शोधले. बिजागऱ्या हलवल्या, सगळ्या खाचांत वायर घालून पाहिली, बॅटरी किती उरली तो आकडा वाचला, जुन्या कंपनीचे पासवर्डाचे कुलूप त्यात राहिलेले नाही याची खात्री केली. झाकणावर कुठल्याशा कार्यालयाचा कागद खरवडून काढल्याची चौकोनी खूण होती. तिच्याकडे आईने पाहिले. मी पाहिले नाही असे दाखवले.

"तीन महिन्यांची हमी," भिंगवाले म्हणाले. "पाणी सांडलं किंवा आपटला तर नाही. कुठे वापरणार?"

"घरी. टेबलावर."

ते खरे होते. ते कुठले टेबल, हे मी सांगितले नाही. संगणक शिकणाऱ्या मुलीला अभ्यासाचे टेबल असते असे त्यांना वाटत असेल तर वाटू द्यावे, एवढीच ती लाज. मेमरीची पट्टी धरून दोनशे एकतीस ॲप्रन झाले. उरलेल्या नवांत मामाच्या आग्रहाखातर मी पिशवी घेतली.

आमचे टेबल म्हणजे आईचे कापणीचे टेबल. एकच मोठी खोली. एका बाजूला ते टेबल, त्याच्या टोकाला सतरा नंबर, आणि दोहोंच्या मध्ये भिंतीतला एकुलता एक प्लग. मी टेबलाच्या त्या टोकाला बसायची. हाताच्या अंतरावर ओव्हरलॉक धडधडत असे, कापडाची कड कातरली जाई, आणि तिच्यातून सुटलेली सुताची लव हवेत चढे. दुपारच्या तिरप्या उन्हात ती दिसायची: तरंगणारी, कुठेही न पोचणारी, एखाद्या अर्धवट वाक्यासारखी. मला ती सुंदर वाटायची. तिच्यावर मी वहीत दोन ओळीही लिहिल्या होत्या. एवढी माझी अक्कल.

संध्याकाळी आई काम आवरते तेव्हा तिचा एक नेम असतो. सतराची पट्टी उघडून तिचे दात ब्रशने झाडायचे, दोन थेंब तेल, मग साधे शिवणयंत्र, मग इस्त्री, मग टेबल. हात यंत्रासारखे, पण यंत्राहून सावकाश. पहिल्याच आठवड्यात तिचा ब्रश त्या ओघात माझ्या लॅपटॉपच्या कडेपर्यंत आला. त्या दिवशी मला एक चूक दुपारभर सापडत नव्हती. चाळीस ओळींच्या प्रोग्रामने मला रडकुंडीला आणले होते.

"हात लावू नकोस त्याला!" मी ओरडले. "ते काही तुझं शिवणयंत्र नाही. काही कळत नाही त्यातलं तुला."

ब्रश हवेतच राहिला. "बरं बाई," आई म्हणाली.

त्या दिवसापासून तिने सगळे टेबल झाडले, लॅपटॉपखालची चौकोनी जागा सोडून. तिच्या ब्रशच्या खुणा त्या चौकोनापाशी येऊन नेमक्या थांबत.

पहिले तीन आठवडे लॅपटॉप इमानी निघाला. प्रोग्राम एकदा उभा व्हायला सहा मिनिटे लागत, आणि एका बैठकीत तो चार-पाचदा तरी उभा करावा लागे. खोटा फोन उघडे, त्यावर मी लिहिलेले पान दिसे. लांबवरच्या दवाखान्याने कपड्यांची मागणी नोंदवावी आणि शिवणाऱ्या बाईला ती कळावी, असे काहीसे मी बनवत होते. मामा येऊन पडद्याला बोट लावून बघे. "हे तू केलंस? बरं दिसतंय. पण लाल दिवे असते तर अजून उठून दिसलं असतं."

पाचव्या आठवड्यात सहाची अकरा मिनिटे झाली. सातव्यात एकोणीस. पंखा आधी गुणगुणायचा, आता तो कण्हू लागला. मग त्याने ओरडायलाच सुरुवात केली. कळफलक इतका तापे की बोटे उचलून धरावी लागत. मी माझा प्रोग्राम तपासला, पुन्हा तपासला. सगळे पुसून नव्याने बसवले. अनोळखी माणसांच्या सल्ल्यांची पाने वाचली. कुणी म्हणे व्हायरस, कुणी म्हणे जुना माल जुनाच. आठव्या आठवड्यात मी घड्याळ लावून चाचणीचा सराव केला आणि अडतिसाव्या मिनिटाला पडदा काळा झाला. लॅपटॉप आपोआप बंद पडला होता. त्या काळ्या पडद्यात माझा चेहरा दिसत होता, आणि त्याच्या मागे पाठमोरी आई.

"मी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं," मामा म्हणाला.

"काय सांगितलं होतंस? तू दोन जीबी म्हणत होतास!"

"ते वेगळं. वापरलेला नको, असं माझं मनातून होतं."

'भोकं राहतात' असे आई म्हणाली असती तर मी भांडले असते. भांडण हे निदान दाराबाहेर पडण्याची एक वाट असते. ती नुसती शिवत राहिली. त्या दिवसांत तिने एका गॅरेजच्या कामगारांच्या हिरव्या डांगऱ्यांचे नवे काम घेतले होते, खांदा दुखत असताना. जाड कापड, दुहेरी शिवण. का घेतलेस विचारले तर म्हणाली, ओळखीचे गिऱ्हाईक आहे, मोडवत नाही. सतरा दुपारभर धडधडे, लॅपटॉप दुपारभर ओरडे, आणि त्या दोन आवाजांच्या मधल्या फटीत मी दात आवळून बसलेली असे.

चाचणीला नऊ दिवस उरले असताना मी लॅपटॉप पिशवीत घातला आणि छापखान्याचा जिना चढले. वाटेत मी वाक्ये रचत होते. चांगली वाक्ये होती. दोन वर्षांच्या वाट पाहण्याला धार आलेली.

"तुम्ही मला फसवलंत," मी म्हणाले. "सडका माल दिलात. माझ्या आईने दोनशे एकतीस—" इथे मला पुढचा शब्द गिळावा लागला, कारण तो त्यांना कळला नसता.

भिंगवाल्यांनी मला पूर्ण बोलू दिले. मग लॅपटॉप सुरू केला, पंख्याचे रडणे ऐकले, बंद केला, पालथा केला. आठ स्क्रू. झाकण उचलले आणि भिंग डोळ्यावर ओढण्याचीही त्यांना गरज भासली नाही.

"ताई," ते म्हणाले, "तुमचा गाद्यांचा कारखाना आहे का?"

पंख्याच्या तोंडाशी, तांब्याच्या बारीक पात्यांना चिकटून, एक पट्टी बसली होती. त्यांनी चिमट्याने ती सोलली. ती अखंड निघाली, करंगळीएवढी, दाबलेल्या लोकरीसारखी घट्ट. आणि ती एका रंगाची नव्हती. आत पांढरी, मध्ये आकाशी, वरून गर्द हिरवी. थरावर थर.

"हवा जायलाच जागा नाही. तापणार नाही तर काय? बंद पडतो ते बरं करतो, नाहीतर जळला असता," ते म्हणाले. "माल चांगला आहे हो. श्वास कोंडला होता त्याचा."

माझी सगळी वाक्ये जिन्यावरून खाली गेली असावीत.

"आम्ही... आई शिवणकाम करते. मी तिथेच बसते."

"मग तेव्हाच सांगायचं ना. मी विचारलं होतं, कुठे वापरणार." त्यांनी मला एक छोटा स्क्रूड्रायव्हर दिला, आणि माझ्याकडूनच पुन्हा झाकण उघडून घेतले. "दर आठवड्याला मऊ ब्रश. झाडताना पंख्याला बोट लावून धरायचं, नाहीतर गरागरा फिरतो आणि खराब होतो. बाकी काही नाही. कुणालाही जमेल."

कुणालाही जमेल. हे शब्द वाटभर माझ्या डोक्यात घुमत राहिले. ती रंगीत पट्टी मी कागदात गुंडाळून घेतली. का घेतली ते मला तेव्हा सांगता आले नसते.

घरी आई हिरव्या डांगरीला खिसा लावत होती. मी कागद उलगडून तिच्यासमोर ठेवला.

"हे कुठलं गं?"

"माझ्या लॅपटॉपच्या पोटातलं."

तिने चष्मा सरळ केला, पट्टी चिमटीत धरून खिडकीपाशी नेली. मी कधी कुठले पान इतक्या लक्षपूर्वक वाचले असेन असे वाटत नाही. "हा पांढरा दवाखान्याचा. सुती आहे. हा आकाशी शाळेच्या सदऱ्यांचा, त्यात पॉलिस्टर जास्त, बघ कसा चमकतोय. आणि हा..." ती थांबली.

"हिरवं काम का घेतलंस, आई?"

"सांगितलं ना. ओळखीचं गिऱ्हाईक."

"आई."

तिने पट्टी कागदावर परत ठेवली. "तुझं ते मशीन बंद पडताना बघत होते मी. नाहीच जमलं चाचणीत, तर निम्मी फी भरायला हाताशी काही हवं. म्हणून घेतलं." मग नेहमीच्या आवाजात, "अजून साठ नग राहिलेत."

म्हणजे माझे यंत्र जितके गुदमरत होते, तितकी ती अधिक शिवत होती. आणि ती जितकी शिवत होती, तितके ते अधिक गुदमरत होते. एका खोलीत, एका प्लगवर, हाताच्या अंतरावर, आम्ही दोघी एकमेकींना वाचवण्याच्या नादात एकमेकींचा श्वास कोंडत होतो. मला संताप आला, आणि तो ठेवायला कुठे जागा सापडेना. विक्रेता निर्दोष, माल निर्दोष, मामाचा सल्ला नेहमीप्रमाणे निरुपयोगी पण निरुपद्रवी. सगळ्या वाटा माझ्यापाशी येऊन संपत होत्या.

"घुसमटतंय हे तुला कळलं होतं?" मी विचारले.

"दुसऱ्या महिन्यापासून. आवाज जाड झाला होता. दात भरले की सतराचा असाच होतो."

"मग बोलली का नाहीस?"

आईने सुईतला दोरा दातांनी तोडला. "बोलायची सोय ठेवली होतीस?"

ती चिडून म्हणाली नाही, हेच वाईट होते. मी टेबलाकडे पाहिले. तिथे अजून तो चौकोन होता: बाकी सगळे लाकूड झाडून लखलखीत, आणि टोकाला लॅपटॉपच्या आकाराची एक मळकी, लवेने भरलेली जागा. गेले कित्येक आठवडे माझा शब्द तिने इंचाइंचाने पाळला होता.

मी लॅपटॉप टेबलावर पालथा केला. खिशातला स्क्रूड्रायव्हर तिच्यापुढे धरला.

"त्यांनी साफ केलंय. पण दर आठवड्याला करावं लागेल. मला ब्रश मारता येत नाही तुझ्यासारखा."

"मला काही कळत नाही त्यातलं," आई म्हणाली. माझेच शब्द, बिनचूक, घडी घालून परत केलेले.

"मला माफ कर."

"हं." तिने हिरवी डांगरी बाजूला सारली. "आधी हे खिसे होऊ देत. संध्याकाळी बघू."

चाचणीत माझा प्रोग्राम चौतिसाव्या मिनिटाला चालला. परीक्षकाने खोट्या फोनवर बोट टेकवून दहा ॲप्रनांची खोटी मागणी नोंदवली, ती दुसरीकडे दिसली, आणि त्याने कागदावर खूण केली. फी माफ झाली. मामाने ही बातमी झेरॉक्सच्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितली. "शेवटी निवडीला महत्त्व असतं," असे तो म्हणत होता. "घरात एक जाणकार माणूस लागतो."

मी धावत घरी आले तेव्हा आई सतरापाशीच होती. ऐकून तिने डोळे पुसले, खांदा दाबला, आणि पुन्हा पायाखालची कळ दाबली.

"आता कशाला शिवतेस ते? फी माफ झाली ना!"

"शब्द दिलाय गं गॅरेजला. त्रेचाळीस राहिलेत."

माझ्या आनंदाला त्रेचाळीस डांगऱ्यांनी तिथेच खाली बसवले. लव कमी लागावी म्हणून गेले काही दिवस मी लांब वायर लावून लॅपटॉप जिन्याच्या वळणावर घेऊन बसत होते. आता तो तिथेच ठेवून आत आले, आईशेजारी बसले आणि शिवून झालेल्या डांगऱ्यांचे सुटे दोरे कापू लागले. कामाच्या मानाने ती मदत हास्यास्पद होती. आई तसे म्हणालीही.

संध्याकाळी तिने ब्रश घेतला. सतराचे दात झाडले, दोन थेंब तेल सोडले. साधे यंत्र, इस्त्री, टेबल. मग न विचारता ती जिन्याकडे गेली, लॅपटॉप घेऊन आली, तो पालथा केला आणि आठही स्क्रू काढून बटणांच्या डब्यात एका कप्प्यात ओळीने ठेवले. झाकण उचलले. आत हिरवट लवेचा एक बारीक पापुद्रा पुन्हा धरू लागला होता.

"बघतेस काय?" ती म्हणाली. "पंख्याला बोट लाव."